धक्क्यावरचा फोटो

१

फोटो अडकवायचे चारही काळे कागदी कोपरे पानावर जागच्या जागी होते. मधला फोटो तेवढा नव्हता.

कप्तानीणबाई त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत उभ्या राहिल्या. ऐंशीला टेकलेल्या, पण पाठ अशी ताठ, की जणू अजून नवऱ्याच्या बोटीवरच उभ्या आहेत. त्या ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. पानावर बोट ठेवून फक्त म्हणाल्या, "इथे आम्ही दोघं होतो."

खालच्या मोठ्या हॉलमध्ये हस्तकलेच्या सामानाचं व्यापारी प्रदर्शन ऐन भरात होतं. नक्षीचे कागद, रिबिनी, शिक्के, लाकडी ठसे, फुलं पाडायची पंच-यंत्रं यांचे स्टॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत लागले होते. वरच्या मजल्यावर स्क्रॅपबुकचे, म्हणजे फोटोंच्या सजवलेल्या वह्यांचे, वर्ग चालत. आज शेवटचा दिवस होता आणि दुपारी सगळ्यांची पानं खाली पाहुण्यांसमोर मांडायची होती.

"पडला असेल कुठेतरी," शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या आणि टेबलाखाली वाकल्या.

"पडायला तो काय पिकलं पान आहे? मी स्वतः घट्ट बसवला होता." कप्तानीणबाईंनी पानाच्या आजूबाजूला हात फिरवला. मोठा लाल कागदी गुलाब तिथेच पडला होता. "आणि गोंद? गुलाबाशेजारी गोंदाची बाटली ठेवली होती मी. तीही नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. "अहो, खाली गोंदाचा पूर आलाय, आणि चोरानं अर्धी संपलेली बाटली पळवली?"

त्यावर सगळेच हसले. एक बाई मात्र हसली नाही.

२

तिला तपासमावशी म्हणत. विमा कंपनीत दावे तपासायचं काम तिनं आयुष्यभर केलं होतं. गोदाम आपोआप जळालं की मालकाच्या काडीनं, हे बघायला तिला धाडत. नोकरीतून ती निवृत्त झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही.

इथे ती आपल्या पायानं आली नव्हती. मघाशी मागच्या बाकावरून बोललेल्या धाकट्या जावेनं तिला ओढून आणलं होतं. नवरा गेल्यापासून मावशीनं फोटोंचा खोका उघडला नव्हता. "जाऊबाई, खोका काही चावत नाही," असं म्हणत जावेनं तो काखोटीला मारला आणि थेट वर्गातल्या टेबलावर आणून ठेवला.

खोक्यात सगळे होते. मुलं होती, जावा होत्या, पाहुणे होते, शेजारणीचं मांजरसुद्धा होतं. नवरा नव्हता. कॅमेरा कायम त्याच्या हातात असायचा. "जरा हसा की" म्हणणारा माणूस फोटोत येणार कसा? नवऱ्याचं पान म्हणून मावशीनं निळा कागद निवडला होता आणि तो कोराच राहिला होता. वर्गाचे सगळे दिवस मावशी फोटोतल्या माणसांकडे न बघता फोटोंच्या कडा धुंडाळत बसली होती. खिडकीच्या काचेत काही दिसतंय का, वाळूवर सावली पडलीय का. एका फोटोच्या कोपऱ्यात त्याचं बोट आलं होतं, धूसर, तपकिरी. त्या बोटाकडे ती इतका वेळ बघत राहिली, की जावेनं शेवटी न बोलता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला होता.

"सगळ्यांच्या पिशव्या उघडा," कप्तानीणबाई म्हणाल्या.

पिशव्या उघडल्या. कात्र्या, रिबिनी, गोळ्यांची पाकिटं, एक अर्धवट विणलेला मोजा. गणिताच्या निवृत्त सरांनी तर कुणी सांगायच्या आत आपली पिशवी टेबलावर पालथी केली. वर्गातले ते एकटेच पुरुष. नातवासाठी वही करायला आले होते आणि बोलायचे इतकं कमी, की ते आहेत हेच कुणाच्या लक्षात राहत नसे.

फोटो कुठेच निघाला नाही.

"मग आता पोलीस," कप्तानीणबाई म्हणाल्या. "दुसरा इलाज नाही."

"पाहुणे येईपर्यंत थांबाल?" मावशी उठली. "चोराला फोटो हवा होता, हे मला कळतं. पण गोंद कशाला नेला, ते कळेना. आणि जे कळत नाही, तिथेच बहुतेक वेळा उत्तर असतं."

३

मावशीनं कप्तानीणबाईंना खिडकीपाशी बसवलं. "फोटोत काय काय होतं, सगळं सांगा. बारीकसारीकसुद्धा."

"आमचं नवं लग्न झालेलं. यांची बोट सुटायची होती म्हणून धक्क्यावर फोटो काढला. हे गणवेशात, शेजारी मी. मागे बोट, बोटीची शिडी, चढणारी माणसं." त्या थांबल्या. "पुढे एकदा घरात पाणी शिरलं, सगळे फोटो गेले. हा पर्समध्ये होता म्हणून वाचला. सकाळी उठलं की आधी हा बघायचा, मग चहा. उद्या काय बघू?"

मावशीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मग विचारलं, "आणि तो गुलाब?"

"ती एक बाई आहे ना! शिडीवर, अगदी माझ्या खांद्यामागे. ना ओळख ना पाळख, पण माझ्या फोटोत घुसून बसलीय कायमची. काल ताईंनी फोटोतलं नको ते फुलानं झाकायला शिकवलं. म्हटलं, चला, आता या बाईंची बोळवण करू. पण वर्ग संपत आला होता, तेव्हा सकाळी येऊन चिकटवायचं ठरवलं."

"हे सगळ्यांसमोर बोललात?"

"मग काय कानात सांगू? सर म्हणालेसुद्धा, जुन्या फोटोला गोंद लावू नका, वाट लागेल. मी म्हटलं, फोटो माझा, वाट माझी!"

त्यानंतर मावशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे वळली. उत्कृष्ट पानाच्या बक्षिसावरून त्यांचं आणि कप्तानीणबाईंचं पहिल्या दिवसापासून वाजलं होतं. वर्गातल्या बऱ्याच नजरा त्यांच्याकडे लागल्या होत्या.

"मी कशाला नेऊ फोटो?" डॉक्टरीणबाई उसळल्या. "उलट तो गुलाब मी दिलाय त्यांना! माझ्या पानासाठी केला होता."

"मग दिलात का?"

त्या लाल झाल्या, अगदी गुलाबाइतक्या. "भडक झाला होता म्हणून. त्यांच्या पानावर तो लागला असता, तर माझं पान उठून दिसलं असतं. झालं समाधान?"

मावशीला हसू आवरेना. "पुष्कळ झालं. इतकं खरं मला नोकरीत कुणी सांगितलं नाही."

खाली हॉलमध्ये कागदवाल्याचा स्टॉल होता. जुने फोटो छापून तो कॅलेंडरं काढत असे. काल सकाळी पुठ्ठे द्यायला वर आला, तेव्हा त्यानं तो फोटो कप्तानीणबाईंकडे मागितला होता आणि चांगली बोलणी खाल्ली होती.

"मागितला, चोरला नाही," तो गठ्ठे मोजायचे सोडून म्हणाला. "काय कप्तान होता, मावशी! ती टोपी, ते खांदे!"

"आणि त्या गुलाबाचं काय?"

"कसला गुलाब?" कागदवाल्यानं डोळे बारीक केले. "गुलाबी कागद पाहिजे का? आहे ना, बघा."

मावशी जिना चढून वर आली, तर जाऊ दारातच उभी. तिच्या हातात गोंदाची बाटली होती.

"पडद्यामागे सापडली, जाऊबाई. खिडकीच्या कट्ट्यावर, नीट उभी ठेवलेली. झाकणसुद्धा घट्ट लावलेलं. हा कसला हो चोर?"

४

"हा चोरच नाही," मावशी म्हणाली.

दोघी कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. जावेनं डब्यातली बिस्किटं काढली. विचार करताना मावशीला काहीतरी चघळायला लागतं, हे तिला इतक्या वर्षांच्या सहवासानं ठाऊक होतं.

"बघ, ज्याला नुसता फोटो पळवायचा आहे, त्याला गोंदाशी काय देणंघेणं? गोंद लपवणाऱ्याला एवढंच हवं होतं, की गुलाब फोटोवर चिकटू नये. म्हणून काल वर्ग सुटताना त्यानं बाटली पडद्यामागे सरकवली. मग त्याच्या लक्षात आलं असणार, की खाली हॉलभर गोंद विकायला बसलेत, बाई दुसरी बाटली आणतील. म्हणून आज सकाळी त्यानं फोटोच काढला."

"पण गुलाब चिकटला तर कुणाचं काय बिघडत होतं?"

"गुलाब कप्तानावर लागणार नव्हता. कप्तानीणबाईंवरही नाही. तो फक्त त्या शिडीवरच्या बाईवर लागणार होता." मावशीनं बिस्कीट तसंच खाली ठेवलं. "आपण सगळे फोटोच्या मध्ये बघत बसलो. ज्यानं नेला, त्याला मधली माणसं नकोच होती. त्याला कोपरा हवा होता."

जाऊ क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. खोक्यातल्या फोटोंच्या कडा धुंडाळणारी ही बाई तिनं जवळून पाहिली होती. हे दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं, हे तिला कळलं.

"मग कोण?" तिनं विचारलं.

"कागदवाल्याला गुलाबाचा पत्ताच नाही. डॉक्टरीणबाईंना तर तो चिकटायलाच हवा होता. ताईंना अडवायचं असतं, तर त्या सरळ म्हणाल्या असत्या, नका चिकटवू. त्यांचा शब्द कोण मोडतं? लपूनछपून तोच करतो, ज्याला कारण सांगता येत नाही. आणि काल 'गोंद लावू नका' असं कोण म्हणालं? जो एरवी तोंडातून शब्द काढत नाही, तो."

मावशी उठून भिंतीपाशी गेली. काल सगळ्यांनी केलेली 'घराण्याचं झाड' ही पानं तिथे ओळीनं टाचली होती. सरांच्या झाडावर वडील होते, आत्या होती, बायको, मुलं, खोडकर चेहऱ्याचा नातू. एक हिरवं पान मात्र कालपासून मोकळं होतं. त्याखाली कोरून काढल्यासारख्या अक्षरांत फक्त 'आई' असं लिहिलेलं.

आज त्या मोकळ्या पानावर चार नवे काळे कोपरे चिकटवलेले होते. फोटोची वाट बघत.

मावशीनं मागे वळून पाहिलं. पालथी केलेली पिशवी टेबलावर तशीच होती.

"सर कुठे आहेत?" तिनं विचारलं.

ते केव्हा उठून गेले, हे कुणीच सांगू शकलं नाही.

५

फोटो मोठे करून देणारा स्टॉल हॉलच्या पार टोकाला होता. त्याचं यंत्र सकाळपासून अडून बसलं होतं, नुकतंच चालू झालं होतं आणि समोर भलीमोठी रांग लागली होती. रांगेच्या पुढच्या टोकाला सर होते.

मावशी शेजारी जाऊन उभी राहिली. सरांनी तिला पाहिलं. पळाले नाहीत. खांदे तेवढे खाली आले.

"परत ठेवणार होतो," ते हळूच म्हणाले. "बाई यायच्या आत. सकाळीच इथे दिला होता, पण हे यंत्र…"

"माहीत आहे मला. आई का?"

सरांनी मान हलवली. मग चष्मा काढून पुसू लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"मी दुसरीत होतो. शाळेतून घरी आलो, तर ती नव्हती. बोटीनं निघून गेली, एवढंच कळलं. का गेली, कुणी सांगितलं नाही. आत्यानं तिचे सगळे फोटो चुलीत घातले. मी रोज विचारायचो, जाताना आई काय म्हणाली? आत्या म्हणायची, काय म्हणणार? मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं. पुढे विचारायचं सोडलं. मोठा झाल्यावर लोकांना सांगत आलो, की आई लहानपणीच वारली. बायकोलाही तेच सांगितलं. मुलांनाही."

"आणि ती हीच, हे कशावरून?"

"कोटावरून. एका खिशाला धरून मी लोंबकळायचो, तो फाटला. तिनं बाबांच्या जुन्या पँटचा तुकडा लावून शिवला होता. काल ताईंचं भिंग टेबलावर फिरत होतं, मी सहज फोटोवर धरलं, तर तोच खिसा. कप्तानीणबाई म्हणाल्या, हात लावू नका. मग गुलाबाचं बोलणं निघालं. सगळ्यांसमोर काय सांगणार होतो मी? माझी वारलेली आई तुमच्या फोटोत उभी आहे?"

तेवढ्यात स्टॉलवाल्यानं हाक मारली आणि नुकताच छापलेला मोठा फोटो त्यांच्यापुढे सरकवला. बोटीची शिडी. चढणाऱ्या माणसांच्या पाठी. आणि त्या सगळ्या पाठींमध्ये एकच चेहरा, या बाजूला वळलेला. कोटाचा एक खिसा डाव्या बाजूला वेगळाच, गडद.

सरांनी त्या चेहऱ्याजवळ बोट नेलं. मग म्हणाले, "आत्या खोटं बोलली."

"आता हा मोठा फोटो तुमच्याजवळ राहील," मावशी म्हणाली. "मूळ फोटो मी पडद्यामागे ठेवते. मिळाला म्हणून सांगते. कुणाला काही कळणार नाही."

सरांनी चमकून पाहिलं. "कराल असं?"

"करेन. पण त्याआधी एक सांगते. मी जन्मभर दावे तपासले, सर. कागद कितीही चांगला असला, तरी तो हुंकार देत नाही. तुमची आई त्या शिडीवर उभी होती, तेव्हा चार पावलांवर एक मुलगी उभी होती. ती मुलगी आज ऐंशीची आहे आणि वर बसलीय. माझ्या माणसाबद्दल विचारायला असं कुणी मला सापडलं असतं, तर मी धावत गेले असते." तिनं मूळ फोटो हातात घेतला. "बोला. पडद्यामागे ठेवू, की तुम्ही वर येताय?"

६

कप्तानीणबाईंनी फोटो आधी छातीशी धरला. मग तो आणून देणाऱ्या सरांकडे त्या वळल्या.

"वयाला शोभतं का हे?" त्या म्हणाल्या. "मागितला असता तर दिला नसता का मी?"

"नसता दिला," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा हो!"

सरांनी मोठा फोटो टेबलावर ठेवला आणि एकच वाक्य म्हणाले. "बाई, ही माझी आई आहे."

कप्तानीणबाईंनी खाली पाहिलं. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला, पण कुठे गेला ते त्यांनाच कळलं नसावं. त्या हळूच खुर्चीवर टेकल्या.

"हीच," त्या म्हणाल्या. "हिनंच आमचा फोटो खोळंबवला होता."

"म्हणजे?" सर टेबलावर वाकले.

"फोटोग्राफर कॅमेरा लावून उभा होता. म्हणाला, मागची बाई मध्ये येतेय, ती वर गेली की काढतो. आम्ही थांबलो. ही जाईना. मागची माणसं ओरडायला लागली, पुढे चला, पुढे चला. ती बाजूला झाली, सगळ्यांना वर जाऊ दिलं आणि पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली. हे शिट्टी वाजवायला निघाले होते. मीच म्हटलं, राहू दे. शेवटी फोटोग्राफर कंटाळला आणि त्यानं तसाच काढला."

मावशीनं हळूच एक खुर्ची सरांच्या मागे आणून लावली, पण ते उभेच राहिले.

"कुणाकडे बघत होती ती?" त्यांनी विचारलं. "धक्क्यावर कुणी होतं?"

"नाही, धक्क्यावर नाही. वर बघत होती. आमच्या डोक्यावरून, टेकडीकडे. इतकी टक लावून, की मी वळून पाहिलं, म्हटलं वर आहे तरी काय एवढं." कप्तानीणबाईंनी आठवायला डोळे मिटले. "काही नव्हतं. शाळा होती तिथे एक. मधली सुट्टी झाली असावी. पोरं नुसती कुंपणाला लोंबकळत होती आणि खाली बोटीकडे बघून ओरडत होती, हात हलवत होती. सगळीच पोरं तसं करायची, बोट सुटताना."

सर खाली बसले. बराच वेळ त्यांचे हात गुडघ्यांवर नुसते उघडे पडून राहिले.

"मीही हलवायचो," ते म्हणाले. "रोज. बोटीत कोण आहे, ते कुठे माहीत असायचं?"

कप्तानीणबाईंनी डोळे उघडले. आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की त्या काय बोलून गेल्या. जाऊ पदरानं डोळे पुसत होती आणि डॉक्टरीणबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. ताई दारात आल्या, पाहुणे खाली आले आहेत असं सांगायला, आणि न सांगताच तिथे थांबल्या.

"तिनंही हात हलवला का?" सरांनी विचारलं.

"दोन्ही हातांत सामान होतं हो," कप्तानीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, खरं तेच बोलायचं ठरवल्यासारख्या म्हणाल्या, "शेवटी शिडी ओढायला लागले, तेव्हा तिनं एक पिशवी खाली ठेवली. हात वर केलेला मी पाहिला. पण फोटो तोवर काढून झाला होता."

सरांनी मान डोलावली. एकदा, दोनदा. मग लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाई, परत सांगता का?"

कप्तानीणबाईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"त्या दिवशी फार वारा होता," त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.